बटव्याचं चित्र पलीकडच्या पानावर

सोमवार, ८ जानेवारी १९९०

ही वही व्हर्नाने, माझ्या बहिणीने, नाताळला दिली. "जन्मभर दुसऱ्यांचं टाइप केलंस, आता दोन ओळी स्वतःच्या लिही," म्हणाली. दोन आठवडे वही कोरीच होती, कारण लिहिण्यासारखं काही घडलंच नाही. आज घडलं.

ग्रेचन मास बाईंनी खोलीत बोलावलं. त्या गेल्या सप्टेंबरपासून आमच्या प्राणिशास्त्र विभागाच्या प्रमुख आहेत. चाळिशीच्या असतील. बाई चांगल्या आहेत, पण कधी बसत नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "आर्डिस, स्पष्ट सांगते. विद्यार्थी आता आपापले प्रबंध संगणकावर स्वतःच करतात. विभागाला टायपिस्ट कशाला हवी, असं डीन विचारतायत. पार्किंग ऑफिसात एक जागा आहे, तिथे तुम्हाला पाठवायचं त्यांच्या मनात आहे."

मी म्हटलं, "चोवीस वर्षं झाली मला इथे."

"म्हणून तर बोलावलं. टेट्झलाफ सरांचं पुस्तक तुम्ही करा. त्रेसष्ट जातींचे शिंपले, त्रेसष्ट चित्रं. छापखान्याला सत्तावीस एप्रिलला तयार पानं हवीत, तीही या नव्या संगणकावर जुळवलेली. प्रत्येक चित्र आपापल्या मजकुराशेजारी बसवून दिलंत, तर मी डीनना लेखी देईन की हे काम येणारं माणूस विभागात हवंच."

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पार्किंग ऑफिसला खिडकी नाही, आणि तिथे येणारा प्रत्येक माणूस चिडूनच येतो.

बुधवार, १० जानेवारी

प्रोफेसर टेट्झलाफ आज हस्तलिखित घेऊन आले. वय बहात्तर. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी कोपऱ्यातली खोली अजून त्यांच्याकडेच आहे. गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला आणि टोपीवरचा बर्फ माझ्याच कागदांवर झटकला.

मिसिसिपीच्या आपल्या पट्ट्यातले सगळे शिंपले यात आहेत. नावं काय एकेक: टाचफाड्या, माकडतोंड्या, मुरूमपाठ्या, धोबीफळी, बटवा. बटणांच्या कारखान्यांसाठी शिंपले काढणाऱ्या कोळ्यांनी कधी काळी ठेवलेली ही नावं. चित्रं सगळी प्रोफेसरांनी स्वतः काढलीत, एकतीस वर्षांत.

"एकच नियम," ते म्हणाले. "चित्र खऱ्या शिंपल्याएवढंच राहणार. एक केसभर लहान करायचं नाही. नदीवर पहारा ठेवणारा सरकारी वॉर्डन शिंपला चित्रावर ठेवून ताडून बघणार आहे."

"आणि दुसरा?"

"मी एकच म्हटलं."

"तुमच्या एकामागे नेहमी दुसरा असतो."

"बरं, दुसरा. मजकूर आणि चित्र उघड्या पुस्तकात एकदम दिसलं पाहिजे. होडीत बसलेल्या माणसाचे हात ओले असतात, तो पान उलटत बसणार नाही."

तिसरा नियम मला माहीत आहे: त्यांच्या मजकुराला हात लावायचा नाही. एकाहत्तर साली मी एक स्वल्पविराम हलवला, तर म्हातारा दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हता.

शुक्रवार, १९ जानेवारी

पूर्वी काम कसं सरळ होतं. टाइप करायचं, चित्राला जागा सोडायची, पाठीला मेण लावून चिकटवायचं, वरून रूळ फिरवायचा. चिकटवणं आजही माझ्याच हातात आहे, पण जागा कुठे सोडायची ते आता यंत्र ठरवतं. आपण मजकुरात फक्त लिहायचं की इथे एवढ्या उंचीचं चित्र आहे. पानावर तेवढी जागा उरली नसेल तर यंत्र ते चित्र हातात धरून ठेवतं आणि पुढे कुठेतरी सोडतं.

लायब्ररीच्या तळघरातल्या संगणक-केंद्रात लाईल कुबियाक आहे. दाढीवाला, शांत माणूस. तो म्हणाला, "चित्रापुढे तुमची इच्छा लिहा. पानाच्या वर, खाली, इथेच, किंवा वेगळ्या पानावर."

मी पहिल्या प्रकरणातल्या चौदाच्या चौदा चित्रांपुढे "इथेच" लिहिलं. मनात काय आहे ते सांगायला लाजायचं कशाला? प्रकरण छापून आलं. मजकूर एकसलग, एकही चित्र नाही, आणि संदर्भग्रंथांच्या यादीनंतर चौदा रिकाम्या चौकटी एकापाठोपाठ एक.

लाईलने पानं उलटून बघितली आणि दाढी खाजवली. "अहो बाई, 'इथेच' म्हणजे त्याच्या लेखी 'जमलं तर इथे'. नाही जमलं की दुसरा मार्गच ठेवला नाहीत तुम्ही."

"मग इच्छा विचारतोच कशाला?"

"माझी बायको पण हेच म्हणते," लाईल म्हणाला.

गुरुवार, १ फेब्रुवारी

तेरा दिवसांनी गुन्हेगार सापडला: पहिलंच चित्र, धोबीफळी. हा शिंपला जेवणाच्या ताटलीएवढा. अर्ध्याहून जास्त पान त्यालाच लागतं, आणि एका चित्राने पानाचा किती वाटा घ्यावा याचं यंत्राचं गणित ठरलेलं आहे. त्यामुळे त्याला जागा मिळेना. मागच्यांनी पुढे जायचं नाही असाही यंत्राचा कायदा, तेव्हा त्याच्या मागची सगळी अडकली. चर्चच्या जेवणात कुणी बटाट्याच्या सॅलडपाशी गप्पा मारत उभं राहिलं की मागच्या साऱ्यांच्या ताटल्या रिकाम्या राहतात, तसं.

लाईलने ते गणित कसं बदलायचं ते दाखवलं. धोबीफळीला स्वतःचं पान दिलं. मागची चित्रं सुटली. चौदातली नऊ बरोबर जागी आली आणि मला एवढा आनंद झाला की मी लाईलच्या खांद्यावर थाप मारली. तो थोडा घाबरला.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

उरलेली पाच चित्रं छळतायत. कुठे दोन ओळी जास्त होतात, कुठे चार, आणि चित्र पान उलटून पलीकडे जातं. सक्तीने नवं पान सुरू केलं तर मागे अर्धं पान पांढरं राहतं, आणि छापखान्याने पानांची संख्या बांधून दिली आहे. नाकी नऊ आले. प्रोफेसरांना सगळं सांगितलं, पार्किंग ऑफिसचंसुद्धा. ते नुसते "हं" म्हणाले आणि छापलेली पानं घरी घेऊन गेले.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

नवल झालं. प्रोफेसर पानं परत घेऊन आले आणि म्हणाले, "पान एकोणीस. माकडतोंड्या. ब्याऐंशी सालच्या गाळाबद्दलच्या तीन ओळी काढून टाका."

"काढून? तुम्ही लिहिलेल्या?"

"जुनं झालं ते."

"गाळ जुना झाला?"

"आर्डिस, तुम्ही टाइप करा. गाळाचं मी बघतो."

तीन ओळी काढल्या. योगायोग असा की नेमकं चित्र आपल्या जागी येऊन बसलं.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

आज आणखी सहा जागी काटछाट. पासष्टच्या पुराचं वर्णन गेलं. मुरूमपाठ्याच्या नावावरचा तो विनोद गेला. वर्गात दर वर्षी तोच सांगायचे आणि दर वर्षी स्वतःच आधी हसायचे. मी विचारलं, हा का काढता? म्हणाले, "कुणी हसत नाही." हे त्यांना आत्ता कळलं?

माझं काम मात्र झपाट्याने चाललं आहे. दुसऱ्या प्रकरणातली सगळी चित्रं जागेवर. हात बसला माझा. लाईललाही तसं सांगितलं. तो "असेल, असेल" म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला. तळघराच्या खिडकीतून बर्फाच्या ढिगाशिवाय काही दिसत नाही.

रविवार, ११ मार्च

मन स्वस्थ नाही. प्रोफेसरांना काहीतरी होतंय. ज्या माणसाने स्वल्पविरामासाठी अबोला धरला, तो आता परिच्छेदच्या परिच्छेद काढतो आणि कारण विचारलं तर उडवून लावतो. माझ्या वडिलांचं शेवटी असंच झालं होतं. आधी गोष्टी टाकून द्यायला लागले, मग आम्हाला विसरले.

काल ट्यूना आणि नूडल्सचा, ओव्हनमध्ये भाजलेला हॉटडिश घेऊन त्यांच्या घरी गेले. तो माणूस एकटा राहतो, लग्न केलंच नाही, आणि फ्रीजमध्ये मोहरीची बाटली नि माशांचं आमिष. गप्पा मारता मारता मी सहज विचारलं, "सध्या राज्यपाल कोण हो आपले?"

त्यांनी काटा खाली ठेवला. राज्यपालांचं नाव सांगितलं, आधीच्या तिघांची सांगितली, मग त्रेसष्ट शिंपल्यांची लॅटिन नावं ओळीने म्हणून दाखवली. शेवटी म्हणाले, "आता नाडी बघणार, की जीभ बाहेर काढू?"

मी म्हटलं, "हॉटडिश गार होतोय."

दोनदा वाढून घेतला. भूक तरी चांगली आहे.

बुधवार, १४ मार्च

न राहवून ग्रेचनबाईंना सांगितलं: सरांच्या डोक्यावर परिणाम होतोय की काय, स्वतःचं लिखाण उगाच कापत सुटलेत. त्या चक्क खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, "उगाच?"

"अगदी उगाच. आणि मोजूनमापून. इथे चार ओळी, तिथे सात."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "चित्रं बसतायत ना?"

"चित्रांचं उत्तम चाललंय. ते माझ्याकडे आहे."

"मग छान. मी सरांकडे लक्ष ठेवते," त्या म्हणाल्या आणि रुमाल काढून नाक पुसायला लागल्या. सर्दीची साथच आहे.

शुक्रवार, ६ एप्रिल

एकसष्ट चित्रं जागेवर. नदीवरचा बर्फ फुटला. या आठवड्यात लिहायला वेळ झाला नाही.

मंगळवार, १७ एप्रिल

आज मी इतकी मूर्ख ठरले की लिहायचीही लाज वाटते.

छापलेली पानं आणायला रोज दुपारी जाते, ती आज सकाळी आठलाच गेले. पाहते तर तळघरात प्रोफेसर. ओव्हरकोट अंगात, माझी पानं मांडीवर, हातात पेन्सिल, आणि ओठ हलवत ओळी मोजतायत. मला त्यांनी बघितलं नाही. मी दारामागे सरकले. ते गेल्यावर लाईलला म्हटलं, "हे काय?"

"रोज येतात. फेब्रुवारीपासून," लाईल म्हणाला. "यंत्र कसं विचार करतं ते माझ्याकडून शिकून घेतलं त्यांनी. चित्र कुठे अडलंय, किती ओळींनी अडलंय ते काढतात, आणि घरी जाऊन तेवढ्या ओळी लिखाणातून कमी करतात. मला म्हणाले, बाईंना बोललास तर तुला नदीत बुडवीन."

"मग आत्ता का बोललास?"

"तुम्ही परवा मला म्हणालात ना, त्यांना डॉक्टरकडे न्यायला हवं म्हणून."

पायरीवरच बसले. हात बसला म्हणे माझा. जुन्या प्रतीशी ताडून घरी बसून मोजलं. दोनशे अकरा ओळी. पूर गेला, गाळ गेला, विनोद गेला. एकतीस वर्षं त्याने सांभाळून लिहिलेलं, मी पार्किंग ऑफिसात जाऊ नये म्हणून या माणसाने ओळ ओळ मोजून टाकून दिलं, आणि मी त्याला राज्यपालाचं नाव विचारत होते. फार रडू आलं. मग फार राग आला. मग परत रडू आलं.

त्यांना काही बोलणार नाही. बोलले तर त्यांना तोंड लपवायला जागा राहणार नाही.

सोमवार, २३ एप्रिल

बासष्ट झाली. राहिला फक्त बटवा.

बटव्याचा मजकूर मला तोंडपाठ आहे. मादीच्या कडेला मांसाची एक झालर असते. ती झालर ती अशी हलवते की लहान मासा पोहत असल्यासारखा वाटतो. मोठा मासा तिला खायला येतो, आणि ती आपली पिल्लं त्याच्या कल्ल्यांवर उडवते. मासा त्यांना नदीभर फिरवतो. ज्याला चालता येत नाही, त्याने आपल्या मुलांना दूरदेशी कसं पाठवलं ते प्रोफेसरांनी तीन उन्हाळे वाळूच्या पट्ट्यावर पालथं पडून बघितलं आणि नऊ ओळींत लिहिलं. सबंध पुस्तकात याच्याइतकं सुंदर काही नाही. बाकी सगळी मापं आणि रंग, ती वॉर्डनला हवीतच.

चित्र नेमकं नऊ ओळींनी पलीकडे जातंय. मागे पुढे सगळं करून बघितलं. लाईलनेही बघितलं.

बुधवार, २५ एप्रिल

प्रोफेसर सकाळी आले. बटव्याचं पान माझ्यापुढे ठेवलं. त्या नऊ ओळींवर पेन्सिलीने एक तिरकी रेघ.

"हे काढा. पाल्हाळ आहे नुसतं."

मी म्हटलं, "वाचायला बरं वाटतं."

"वॉर्डनला काय करायचंय बरं वाटून?"

"तीन उन्हाळे पालथे पडला होतात तुम्ही. पाठ सोलवटली होती. मीच कॅलमाइन लावलं होतं."

ते खिडकीकडे वळले. "आर्डिस, तुम्ही टाइप करा."

"बरं," मी म्हटलं.

गुरुवार, २६ एप्रिल

सगळी पानं छापली, एकूण एक चित्राला मेण लावलं, रूळ फिरवला. मापपट्टी घेऊन दोनदा तपासलं. खोका बांधून कुरियरवाल्याच्या हाती दिला.

नऊ ओळी आत आहेत.

बटव्याचं चित्र पान उलटून पलीकडे गेलं. खाली बारीक अक्षरात मी घातलं: "चित्र पुढील पानावर." चोवीस वर्षांत त्यांनी सांगितलेलं मी ऐकलं नाही, असं आज पहिल्यांदाच झालं. वॉर्डनचे हात ओले असतील तर पँटला पुसेल. ग्रेचनबाईंकडे एक प्रत ठेवून आले. चुकल्यासारखं एकदाही वाटलं नाही.

बुधवार, २ मे

ग्रेचनबाईंनी प्रत पुढे ठेवली. "बासष्ट," त्या म्हणाल्या.

"हो."

"आर्डिस, हे चुकून झालंय, असं मी डीनना सांगू शकते. निदान छापखान्यावर ढकलू शकते."

"चुकून नाही झालं. मी केलंय."

त्यांनी ते पान वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. "आपलं ठरलं होतं ते त्रेसष्टचं. डीन त्यावरच बोट ठेवणार. मी भांडेन."

"भांडा," मी म्हटलं. बाई खरंच चांगल्या आहेत.

शुक्रवार, ११ मे

त्या भांडल्या, पण काही झालं नाही. एक जूनपासून पार्किंग ऑफिस.

दुपारी प्रोफेसर आले. हातात बटव्याचं पान. टोपीसुद्धा काढली नाही.

"मी हे काढायला सांगितलं होतं."

"हो."

"मग?"

"मला आवडतं ते. माझ्या हातून नाही निघालं."

"तुम्हाला कळतं का काय केलंत ते? बाई, मी तीन महिने..." इथे ते थांबले.

"दोनशे अकरा ओळी," मी म्हटलं. "मोजल्यात मी."

इतका मोठा माणूस, पण लाल लाल झाला. लाईलला नदीत बुडवायला निघाले होते, मी धरून बसवलं. मी कॉफी ओतली. शेवटी म्हणाले, "तो विनोद तरी परत घालायचा होतात." मी म्हटलं, "तो काढला ते बरं झालं." तेव्हा हसले.

त्यांचीही खोली या महिनाअखेर रिकामी करायची आहे. नवीन माणूस येतोय. म्हणजे विभागात यायला त्यांनाही आता निमित्त नाही.

सोमवार, ४ जून

पार्किंग ऑफिसचा दुसरा दिवस. खिडकी नाही ते खरंच. येणारा प्रत्येक जण चिडलेला असतो हेही खरं. सकाळपासून बारा जणांनी आवाज चढवला. मी तेराव्याची वाट बघत होते, तर रांगेत पाचव्या नंबरावर प्रोफेसर. इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. पुढच्या बाईला म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, मला घाई नाही." मागच्यालाही पुढे घातलं. सगळ्यांत शेवटी काउंटरपाशी आले.

"परवाना हवाय," म्हणाले.

"गाडीचा नंबर?"

"गाडी नाहीये माझ्याकडे."

ते मला काय सांगायचं? चोवीस वर्षं बघतेय मी त्यांना पायी येताना. बर्फातसुद्धा.

"मग परवाना कशाला?"

"तुम्ही कुणाकुणाला देता ते बघायचं होतं."

"गाडी असलेल्यांना. गाडी नसलेल्या माणसाला नाही देता येत, प्रोफेसर. नियम आहे."

त्यांनी टोपी काउंटरवर ठेवली. नियमांची पाटी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सावकाश वाचली. मागे कुणी नव्हतं, म्हणून मीही घाई केली नाही.

"बरोबर आहे," म्हणाले. "उद्या किती वाजता उघडता?"

"आठला. पण उद्याही नाहीच मिळणार."

"चालेल," म्हणाले. "परवा पण येईन."